इसे जिंगू : दर वीस वर्षांनी नव्याने उभे राहणारे प्राचीन देवस्थान

जपानच्या होन्शू बेटावरील मिए प्रांतात, इसे शहरामध्ये, शिंतो धर्माचे सर्वाधिक आदरणीय देवस्थान आहे. त्याचे अधिकृत नाव केवळ ‘जिंगू’, म्हणजे ‘देवस्थान’, एवढेच आहे. इतर देवस्थानांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून लोक त्याला ‘इसे जिंगू’ असे म्हणतात. परंपरेनुसार या स्थानाचा इतिहास सुमारे दोन हजार वर्षांचा मानला जातो. मात्र आज तेथे दिसणारे मुख्य मंदिर २०१३ साली पूर्ण झालेले आहे.

इ.स. ६९० पासून येथे एक विलक्षण प्रथा पाळली जाते. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जुन्या मंदिरासारखेच नवे मंदिर उभारले जाते, देवता तेथे हलवली जाते आणि जुनी वास्तू उतरवली जाते. या विधीला ‘शिकिनेन सेन्गू’ असे नाव आहे. आतापर्यंत असे ६२ सोहळे झाले असून त्रेसष्टावा सोहळा २०३३ साली व्हायचा आहे. त्याचे प्रारंभिक विधी मे २०२५ मध्ये सुरू झाले. या प्रथेमागे अरण्य, कारागीर आणि इसे परिसरातील सामान्य रहिवासी यांचे मोठे पाठबळ उभे आहे. ते पाठबळ तुटले तेव्हा ही परंपराही खंडित झाली होती, असे इतिहास सांगतो.

दोन मुख्य मंदिरे, एकूण १२५ देवालये

जिंगू हे एकच मंदिर नसून १२५ लहानमोठ्या देवालयांचा समूह आहे. त्यात दोन स्थाने प्रमुख आहेत. ‘नाइकू’ म्हणजे आतील देवस्थान सूर्यदेवता आमातेरासु ओमिकामी हिचे आहे. जपानचे राजघराणे या देवतेला आपली मूळ पूर्वज मानते. राजचिन्हांपैकी एक असलेला पवित्र आरसा येथे ठेवलेला असल्याची श्रद्धा असून तो कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. ‘गेकू’ म्हणजे बाहेरील देवस्थान तोयोउके ओमिकामी या देवतेचे आहे. ती अन्न, वस्त्र आणि निवारा यांची अधिष्ठात्री असून सूर्यदेवतेला नैवेद्य पुरवणे हे तिचे कार्य मानले जाते.

सूर्यदेवतेसाठी योग्य स्थान शोधत यामातोहिमे ही राजकन्या अनेक प्रांतांत फिरली आणि अखेर इसुझू नदीकाठी स्थिरावली, अशी आख्यायिका आहे. परंपरा या घटनेचा काळ इ.स. पूर्व ४ असा सांगते. इतिहासकार मात्र देवस्थानाची स्थापना त्यानंतर काही शतकांनी झाली असावी, असे मानतात. पुढे राजघराण्यातील एका अविवाहित स्त्रीला ‘साइओ’ म्हणून देवतेच्या सेवेसाठी येथे पाठवण्याची पद्धत पडली. ती चौदाव्या शतकापर्यंत टिकली. साइओचे निवासस्थान असलेल्या साइकू या जागेचे अवशेष जवळच्या मेइवा गावात जतन करण्यात आले आहेत.

दर्शनाचा रिवाज

प्रथम गेकूचे आणि नंतर नाइकूचे दर्शन घ्यावे, असा जुना रिवाज आहे. ही दोन्ही स्थाने एकमेकांपासून काही किलोमीटर अंतरावर आहेत. गेकू इसे-शी रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असून तेथून नाइकूसाठी बस मिळते.

नाइकूत प्रवेश करताना इसुझू नदीवरील उजी पूल ओलांडावा लागतो. सुमारे १०२ मीटर लांबीच्या या लाकडी पुलाच्या दोन्ही टोकांना ‘तोरिई’ म्हणजे लाकडी कमानी उभ्या आहेत. तोरिईपाशी थांबून किंचित वाकून नमस्कार केला जातो. मार्गाचा मध्यभाग देवतेचा मानला जात असल्याने भाविक कडेने चालतात. नाइकूत उजव्या बाजूने, तर गेकूत डाव्या बाजूने चालण्याची प्रथा आहे. डिसेंबरमध्ये दक्षिणायनाच्या अखेरीस उगवता सूर्य उजी पुलावरील तोरिईच्या चौकटीत दिसतो. हे दृश्य पाहण्यासाठी पहाटेच्या थंडीतही मोठी गर्दी होते.

दर्शनापूर्वी हात आणि तोंड धुण्याचा नियम आहे. लाकडी पळीने आधी डाव्या हातावर, मग उजव्या हातावर पाणी घेतले जाते. नंतर ओंजळीतील पाण्याने चूळ भरली जाते. पळी ओठांना लावली जात नाही. नाइकूत इसुझू नदीच्या काठावर दगडी पायऱ्या असून अनेक भाविक तेथे वाहत्या पाण्यात हात धुतात. मुख्य मंदिरासमोर दोन वेळा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार, असा वंदनाचा क्रम असतो.

भारतीय भाविकाला येथील एक गोष्ट विशेष वाटेल. मुख्य मंदिराचे दर्शन कोणालाही जवळून होत नाही. चार कुंपणांच्या आत असलेल्या या वास्तूचे केवळ छप्पर आणि आढ्याची टोके बाहेरून दिसतात. दारावरील पांढऱ्या पडद्यासमोरूनच वंदन केले जाते. प्राचीन काळी येथे सम्राटाखेरीज कोणालाही अर्पण करण्याची मुभा नव्हती. त्या नियमाच्या प्रभावामुळे मुख्य मंदिरात वैयक्तिक मागणे न मागता केवळ कृतज्ञता व्यक्त करावी, असा संकेत आजही सांगितला जातो. स्वतःसाठी काही मागायचे असल्यास भाविक जवळच्या आरामात्सुरी-नो-मिया या देवालयाकडे वळतात. मुख्य मंदिराच्या पायऱ्यांच्या वर छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

रंग नाही, पाया नाही

इसे येथील मंदिरांची बांधणी बौद्ध वास्तुकला जपानमध्ये येण्यापूर्वीच्या धान्यकोठारांशी नाते सांगते. ‘हिनोकी’ या सायप्रस कुळातील सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड त्यासाठी वापरले जाते. लाकडाला रंग दिला जात नाही. खांब दगडी पायावर न ठेवता थेट जमिनीत पुरले जातात. जमीन सोडून उंचावर बांधलेल्या या वास्तूचे छप्पर जाड गवताने शाकारलेले असते.

छपराच्या दोन्ही टोकांना आडव्यातिडव्या फळ्या आभाळाकडे गेलेल्या दिसतात. त्यांना ‘चिगी’ म्हणतात. आढ्यावर आडवे ठेवलेले गोल ओंडके म्हणजे ‘कात्सुओगी’ होत. नाइकूच्या चिगींची टोके आडवी कापलेली असून कात्सुओगींची संख्या दहा आहे. गेकूच्या चिगींची टोके उभी कापलेली असून कात्सुओगी नऊ आहेत. एवढ्या खुणांवरून जाणकार भाविक दोन्ही मंदिरांतील फरक ओळखतो.

पुरलेले खांब आणि गवताचे छप्पर जपानच्या दमट हवेत फार काळ टिकत नाहीत. मंदिर वारंवार बांधावे लागण्याचे हे एक कारण असावे. परंतु वीस वर्षांचीच मुदत का ठरवण्यात आली, याची स्पष्ट नोंद कोणत्याही प्राचीन ग्रंथात नाही. सुकवलेला भात साठवण्याची कमाल मुदत वीस वर्षे असे, असे एक मत आहे. कौशल्य एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाण्यास ही मुदत सोयीची ठरते, असे दुसरे मत आहे. विशीत उमेदवारी करणारा सुतार चाळिशीत मुख्य काम सांभाळतो आणि साठीत तरुणांना मार्गदर्शन करतो. अशा रीतीने एकाच माणसाला तीन सोहळ्यांचा अनुभव मिळू शकतो.

वीस वर्षांचे चक्र

सेन्गूची व्यवस्था सम्राट तेम्मू यांनी ठरवली आणि पहिला सोहळा सम्राज्ञी जितो यांच्या कारकिर्दीत, ६९० साली, नाइकू येथे पार पडला. गेकूचा पहिला सोहळा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. प्रत्येक सोहळ्याची तयारी सुमारे आठ वर्षे आधी सुरू होते आणि या काळात तीसहून अधिक विधी व समारंभ होतात.

झाडे तोडण्यापूर्वी डोंगराच्या पायथ्याशी तेथील देवतेची परवानगी मागितली जाते. त्रेसष्टाव्या सोहळ्यासाठी हा विधी २ मे २०२५ रोजी झाला. त्यानंतर जून महिन्यात नागानो प्रांतातील किसो भागात, आगेमात्सु येथील अरण्यात, पवित्र वृक्ष तोडण्यात आले. या वृक्षांसाठी करवत वापरली जात नाही. खोडाला तीन बाजूंनी कुऱ्हाडीने पोखरून केवळ तीन आधार शिल्लक ठेवले जातात आणि अखेरच्या घावाने वृक्ष ठरलेल्या दिशेला पाडला जातो. नाइकू आणि गेकू यांच्यासाठीचे दोन वृक्ष एकमेकांवर आडवे पडावेत, अशी योजना असते.

एका सोहळ्यासाठी हिनोकीचे सुमारे दहा हजार ओंडके लागतात. मंदिराबरोबरच देवतेची वस्त्रे, शस्त्रे, वाद्ये, विणकामाची साधने आणि अन्य वस्तूही नव्याने घडवल्या जातात. या वस्तूंचे ७१४ प्रकार असून त्यांची एकूण संख्या १,५७६ आहे. विणकर, रंगारी, लोहार, लाखकाम करणारे आणि धातूवर कोरीवकाम करणारे कारागीर जुन्या नमुन्यांप्रमाणे हे काम करतात. ‘सुगारी’ नावाच्या तलवारीच्या मुठीसाठी ‘तोकी’ या पक्ष्याची दोन पिसे लागतात. एकेकाळी जपानमध्ये सर्वत्र आढळणारा हा पक्षी विसाव्या शतकात जवळजवळ नामशेष झाला. जपानमध्ये जन्मलेला अखेरचा तोकी २००३ साली मरण पावला. चीनमधून आणलेल्या पक्ष्यांपासून वाढवलेली पिल्ले २००८ पासून सादो बेटावर सोडण्यात आली. पक्षी नाहीसा झाला तर एका तलवारीची परंपराही अडचणीत येते, हे या उदाहरणातून दिसते.

देवता हलवण्याचा मुख्य विधी रात्री होतो. २०१३ मध्ये नाइकूचा विधी २ ऑक्टोबर रोजी आणि गेकूचा ५ ऑक्टोबर रोजी झाला. परिसरातील दिवे मालवले जातात. एक पुरोहित कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज तीन वेळा काढतो आणि पांढऱ्या रेशमी पडद्याआड देवतेला नव्या मंदिरात नेले जाते. त्या वर्षी नाइकूची देवता पूर्वेकडील जागेवरून पश्चिमेकडील जागेवर गेली. जुने मंदिर उतरवल्यानंतर रिकाम्या जागेवर केवळ पांढरे गोटे आणि मधोमध एक लहानशी झोपडीवजा वास्तू उरते. त्या वास्तूखाली मंदिराचा पवित्र मध्यस्तंभ झाकलेला असतो.

उतरवलेले लाकूड टाकून दिले जात नाही. मुख्य मंदिरांच्या आढ्याला आधार देणाऱ्या मोठ्या खांबांपासून उजी पुलाच्या दोन्ही टोकांचे तोरिई तयार केले जातात. वीस वर्षांनंतर तेच लाकूड जुन्या यात्रामार्गावरील सेकी आणि कुवाना येथील तोरिईंसाठी दिले जाते. बाकीचे लाकूड देशभरातील देवस्थानांना मिळते. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत हानी झालेल्या देवालयांच्या उभारणीलाही या लाकडाचा उपयोग झाला.

अरण्याचे दोनशे वर्षांचे नियोजन

आरंभीच्या काळात मंदिराचे लाकूड इसुझू नदीच्या उगमाकडील डोंगरांतूनच मिळत असे. कालांतराने तेथील मोठी झाडे संपली आणि दूरच्या अरण्यांवर अवलंबून राहावे लागले. एदो काळापासून किसोच्या डोंगरांतून लाकूड येऊ लागले. दुसरीकडे, यात्रेकरूंची संख्या वाढल्याने इसेच्या डोंगरांतील झाडे जळणासाठी तोडली गेली. १९१८ साली इसुझू नदीला आलेल्या मोठ्या पुरानंतर उघड्या डोंगरांचा धोका सर्वांच्या लक्षात आला.

त्यानंतर १९२३ मध्ये देवस्थानाने आपल्या अरण्यासाठी दोनशे वर्षांचा आराखडा तयार केला. देवस्थानाच्या मालकीचे हे अरण्य सुमारे ५,५०० हेक्टर आहे. मंदिरासाठी योग्य ठरणाऱ्या झाडांवर खुणा करून त्यांच्या भोवतीची झाडे टप्प्याटप्प्याने विरळ केली जातात. हिनोकीबरोबर रुंद पानांची झाडेही राखली जातात. त्यामुळे माती धरून राहते आणि नदीचे पाणी टिकते. या प्रयत्नांचे पहिले फळ २०१३ मध्ये दिसले. सुमारे सातशे वर्षांच्या खंडानंतर देवस्थानाच्या स्वतःच्या अरण्यातील लाकूड सोहळ्यासाठी वापरण्यात आले आणि एकूण गरजेचा एक पंचमांशाहून अधिक भाग त्यातून भागला. हा आराखडा आखणाऱ्यांपैकी कोणीही ते लाकूड मंदिरात लागलेले पाहू शकला नाही.

नागरिकांचा वाटा

सेन्गू हा पुरोहितांचा आणि राजघराण्याचा विधी असला तरी त्यातील दोन प्रसंग पूर्णपणे स्थानिक लोकांचे आहेत. पहिला प्रसंग ‘ओकिहिकी’, म्हणजे लाकूड ओढून आणण्याचा. इसेतील निरनिराळ्या वस्त्यांची पथके त्यासाठी तयार होतात. नाइकूचे लाकूड इसुझू नदीच्या पात्रातून ओढले जाते. गेकूचे लाकूड मोठ्या चाकांच्या गाड्यांवरून रस्त्याने नेले जाते. पांढऱ्या दोरांना शेकडो हात लागतात, अंगरख्यांवर वस्तीची खूण असते आणि लाकूड ओढतानाची पारंपरिक गीते गायली जातात. लहान मुलेही दोर धरतात. बासष्टाव्या सोहळ्यासाठी ओकिहिकी २००६ आणि २००७ मध्ये झाली. त्रेसष्टाव्या सोहळ्यासाठी २०२६ आणि २०२७ ही वर्षे निश्चित करण्यात आली.

दुसरा प्रसंग ‘ओशिराइशी-मोची’ हा आहे. नवे मंदिर तयार झाल्यावर परिसरातील रहिवासी मिया नदीच्या पात्रातून गोळा केलेले पांढरे गोटे मिरवणुकीने आणतात आणि मंदिराभोवतीच्या जमिनीवर अंथरतात. प्रत्येक जण गोटा पांढऱ्या कापडात धरून नेतो. देवता नव्या मंदिरात येण्यापूर्वीच्या या थोड्या दिवसांतच सामान्य माणसाला आतील अंगणात पाऊल ठेवता येते. एरवी वीस वर्षे कुंपणाबाहेरून दिसणारी वास्तू त्या दिवशी तो हाताच्या अंतरावरून पाहतो. इसेतील कुटुंबांत वय सांगताना ‘अमुक सेन्गूच्या वेळी मी गोटा वाहिला होता’ अशी आठवण निघते, ती याच कारणाने.

देशाच्या अन्य भागांतील लोकांनाही ‘एक दिवसाचे देवभूमीवासी’ म्हणून या कार्यात सहभागी होण्याची सोय करण्यात आली आहे.

दिवसातून दोनदा नैवेद्य

वीस वर्षांच्या सोहळ्याइतकीच महत्त्वाची परंपरा रोजच्या नैवेद्याची आहे. गेकूच्या आवारात दररोज सकाळी आणि संध्याकाळी देवतांना अन्न अर्पण केले जाते. ही सेवा सुमारे दीड हजार वर्षे चालू असल्याचे देवस्थान सांगते. सेवेतील पुरोहित आदल्या रात्रीपासून आवारातच राहून शुद्धी पाळतात. लाकडावर लाकूड घासून अग्नी प्रज्वलित केला जातो आणि ठरावीक विहिरीचे पाणी वापरले जाते. नैवेद्यात भात, पाणी, मीठ, मासे, समुद्री वनस्पती, भाज्या, फळे आणि तांदळाचे मद्य यांचा समावेश असतो.

या प्रत्येक पदार्थामागे परिसरातील एक गाव उभे आहे. तांदूळ कुसुबे येथील देवस्थानाच्या शेतात पिकतो आणि त्या शेताला इसुझू नदीचे पाणी मिळते. मीठ फुतामी येथे तयार होते. नदी समुद्राला मिळते तेथील पाणी उन्हाळ्यात आटवून मीठ काढतात आणि नंतर ते त्रिकोणी मातीच्या साच्यांत भाजून घट्ट करतात. विशेष विधींसाठी लागणारे ‘आवाबी’ हे शिंपले तोबा भागातील कुझाकी या मच्छीमार गावातून येतात. या किनाऱ्यावर ‘आमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया श्वास रोखून समुद्राच्या तळाशी बुडी मारतात आणि शिंपले काढतात. देवतांसाठीचे रेशीम आणि तागासारख्या धाग्याचे कापड मात्सुसाका येथे विणले जाते. नैवेद्याची मातीची भांडी मेइवा येथे घडतात. ती एकदाच वापरून फोडली जातात आणि मातीत मिसळतात.

वर्षातील सर्वात मोठा उत्सव ‘कान्नामे-साई’ ऑक्टोबरमध्ये होतो. नव्या पिकाचा पहिला तांदूळ त्या वेळी अर्पण केला जातो आणि सम्राटाचे दूत उपस्थित राहतात.

यात्रेकरूंचे शहर

सतराव्या शतकापासून इसेची यात्रा सर्वसामान्य जपानी माणसाची आयुष्यातील मोठी इच्छा बनली. गरीब गावकरी एकत्र येऊन वर्गणी काढत आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या व्यक्तीला सर्वांच्या वतीने इसेला पाठवत. ‘ओन्शी’ नावाचे पुरोहित देशभर फिरून यात्रेकरू जोडत आणि इसे येथे त्यांच्या निवासाची व्यवस्था पाहत.

साधारण साठ वर्षांच्या अंतराने यात्रेच्या प्रचंड लाटा आल्या. त्यांना ‘ओकागे-माइरी’ असे म्हणतात. १७०५, १७७१ आणि १८३० सालच्या यात्रा विशेष प्रसिद्ध आहेत. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक लोक इसेला आल्याच्या नोंदी आहेत. अनेक नोकर आणि मुले मालकाची किंवा आईवडिलांची परवानगी न घेता निघत. यात्रेचा पुरावा आणल्यास त्यांना क्षमा करण्याची रीत होती. हातात पळी घेऊन निघालेल्या निर्धन यात्रेकरूंना वाटेवरचे लोक अन्न आणि पैसे देत. आजारी मालकाच्या वतीने गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधून पाठवलेल्या कुत्र्यांचे चित्रण त्या काळातील छापील चित्रांत आढळते.

त्या आदरातिथ्याच्या खुणा नाइकूसमोरील ओहाराइमाची या जुन्या बाजारपेठेत दिसतात. जाड, मऊ शेवया आणि दाट काळसर रस्सा असलेला ‘इसे उदोन’ थकलेल्या यात्रेकरूला झटपट देता येत असे. भाताच्या मऊ गोळ्यावर गोड लाल घेवड्याचा लेप दिलेली ‘आकाफुकु’ ही मिठाई १७०७ पासून विकली जाते. लेपावरील रेषा इसुझू नदीचा प्रवाह आणि भाताचा पांढरा गोळा नदीतील गोटे दर्शवतो.

इसेच्या घरांच्या दारांवर एक वेगळी गोष्ट दिसते. जपानमध्ये अन्यत्र ‘शिमेनावा’ हा भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर नववर्षाचे काही दिवसच दाराला बांधलेला असतो. इसे परिसरात तो वर्षभर राहतो. त्यावरील लाकडी पाटीवर ‘सोमिन शोराईच्या वंशजांचे घर’ अशा अर्थाची अक्षरे असतात. प्रवासात असलेल्या एका देवतेला श्रीमंत भावाने आसरा नाकारला आणि गरीब सोमिनने आपल्या झोपडीत ठेवून घेतले. प्रसन्न झालेल्या देवतेने त्याच्या वंशजांना रोगराईपासून संरक्षण दिले, अशी ही कथा आहे. पाहुण्याचे स्वागत करणाऱ्या शहराने ती आपल्या दारावर लावली आहे.

पूर्वी यात्रेकरू इसेला येण्याआधी फुतामीच्या समुद्रात स्नान करत. तेथील ‘मेओतो-इवा’ म्हणजे पतिपत्नीचे प्रतीक मानले जाणारे दोन खडक जाड दोरांनी जोडलेले आहेत. हे दोर मे, सप्टेंबर आणि डिसेंबर महिन्यांत बदलले जातात.

खंड आणि पुनरारंभ

तेराशे वर्षांची ही परंपरा अखंड नाही. पंधराव्या शतकातील यादवी युद्धांच्या काळात पैसा आणि शासन या दोहोंचा आधार संपला. गेकूचा सोहळा १४३४ नंतर १२९ वर्षे होऊ शकला नाही. नाइकूचा सोहळा १४६२ नंतर १२३ वर्षे थांबला. या काळात तात्पुरत्या वास्तू उभारून काम भागवावे लागले.

ही कोंडी केइकोइन येथील बौद्ध भिक्षुणींनी फोडली. सेइजुन यांनी गावोगाव फिरून निधी जमवला आणि १५६३ मध्ये गेकूचा सोहळा घडवून आणला. त्यांच्यानंतर शूयो यांनी ते कार्य पुढे नेले. ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशांनी मदत दिली आणि १५८५ मध्ये दोन्ही मंदिरांचे सोहळे झाले. शिंतो परंपरेच्या पुनरारंभाचे श्रेय बौद्ध स्त्रियांकडे जाते, ही बाब उल्लेखनीय आहे.

एकोणिसाव्या शतकात मेइजी शासनाने शिंतो धर्माला राज्यव्यवस्थेशी जोडले. ओन्शींची पद्धत १८७१ मध्ये बंद करण्यात आली आणि देवस्थान शासनाच्या नियंत्रणाखाली गेले. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर, डिसेंबर १९४५ मध्ये, हा संबंध तोडण्यात आला. १९४९ साठी ठरलेला सोहळा पुढे ढकलावा लागला. निदान उजी पूल तरी नव्याने बांधावा, या इच्छेतून त्या वर्षी पूल उभारला गेला. लोकांच्या देणग्यांतून १९५३ मध्ये सेन्गू पार पडला. तेव्हापासून पुलाची उभारणी सोहळ्याच्या चार वर्षे आधी होते. सध्याचा पूल २००९ सालचा आहे.

आज देवस्थान ही खासगी धार्मिक संस्था आहे. तरीही राजघराण्याशी तिचे नाते कायम असून माजी सम्राट आकिहितो यांच्या कन्या कुरोदा सायाको २०१७ पासून प्रमुख पुरोहितपद सांभाळत आहेत. पंतप्रधानांनी नववर्षात येथे भेट देण्याची प्रथा आहे. मे २०१६ मध्ये जी-७ शिखर परिषदेसाठी आलेल्या राष्ट्रप्रमुखांनीही येथे भेट दिली. राज्यघटनेतील धर्म आणि शासन यांच्या विभक्ततेच्या तत्त्वाशी अशा भेटी कितपत सुसंगत आहेत, यावर जपानमध्ये मतभेद आहेत.

जुने कशाला म्हणावे?

इसे जिंगूचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाही. दगडी वास्तूंच्या जतनावर आधारलेल्या जुन्या निकषांत वारंवार बांधल्या जाणाऱ्या लाकडी मंदिराला स्थान देणे अवघड होते. १९९४ मध्ये नारा येथे झालेल्या परिषदेच्या दस्तऐवजाने वारशाची अस्सलता त्या-त्या संस्कृतीच्या संदर्भात तपासावी, असे तत्त्व मांडले. २०२० मध्ये जपानमधील लाकडी वास्तूंच्या जतनाची पारंपरिक कौशल्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समाविष्ट झाली. ही नोंद केवळ इसेची नाही. मात्र इसेतील सुतार आणि छप्पर शाकारणारे कारागीर ज्या प्रकारच्या ज्ञानावर काम करतात, त्याचे मोल तीतून मान्य झाले.

२०१३ मध्ये दोन्ही मंदिरांना सुमारे १ कोटी ४२ लाख लोकांनी भेट दिली. त्या सोहळ्याचा खर्च साडेपाच हजार कोटी येनच्या घरात गेला. निधी जमला, लाकूड मिळाले आणि कारागीरही उपलब्ध झाले. पुढील सोहळ्यासमोर मात्र घटती लोकसंख्या हे मोठे आव्हान आहे. इसे शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार असून ती कमी होत आहे. लाकडाचा दोर ओढण्यासाठी, समुद्रात बुडी मारण्यासाठी आणि मातीची भांडी घडवण्यासाठी पुढच्या पिढीतील हात लागणार आहेत. १९२३ मध्ये नियोजन केलेली झाडे वाढत आहेत. ती पुढेही मंदिरापर्यंत पोहोचावीत, यासाठी इसेतील शाळकरी मुलांना आजही ओकिहिकीची गीते शिकवली जातात.

प्रवाशांसाठी

इसे येथे जाण्यासाठी नागोया हे सोयीचे शहर असून तेथून रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. ओसाका येथूनही थेट रेल्वेसेवा आहे. देवस्थानात प्रवेश विनामूल्य असून दरवाजे पहाटे पाच वाजता उघडतात. बंद होण्याची वेळ ऋतूनुसार सायंकाळी पाच ते सात या दरम्यान बदलते. गेकूच्या आवारातील ‘सेन्गूकान’ या संग्रहालयात गेकूच्या मुख्य मंदिराच्या एका भागाची मूळ आकारातील प्रतिकृती आहे. कुंपणापलीकडे न दिसणारे सुतारकाम तेथे जवळून पाहता येते. नववर्षाच्या पहिल्या दिवसांत आणि सुट्ट्यांमध्ये मोठी गर्दी असते. शांतपणे दर्शन घ्यायचे असल्यास सकाळची पहिली वेळ उत्तम मानली जाते.